मॅडमला हलका द्या!

ऑफिसातले किस्से जमा होतात ते कपाटावरच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि एक ओढायला जावं तर सगळ्या अंगावर येतात. परवा लातूरहून भाचीचा फोन आला. "मावशी, लॅपटॉप घ्यायचाय. हलका घेऊ का पॉवरफुल?" साधा प्रश्न. पण माझं डोकं असं सटकलं, की बिचारी म्हणाली, "जाऊ दे, मी दुकानातच विचारते!"

दुकानातच विचारते म्हणे! तिथूनच तर सगळं सुरू झालं.

मी अंबाजोगाईत कदम सरांच्या ऑफिसात ड्रॉइंगचं काम करते. सर सिव्हिल इंजिनिअर, लोकांचे बंगले बांधतात. बंगला बांधून झाल्यावर कसा दिसेल त्याचं थ्रीडी चित्र मी करते. त्याला आम्ही व्ह्यू म्हणतो. नकाशा कुणाला कळत नाही, व्ह्यू मात्र सगळ्यांना कळतो. व्ह्यू आवडला की काम मिळालंच! आणि व्ह्यू करायला लॅपटॉप दमदार लागतो. माझं मागणं एवढंच होतं.

*

जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा सर मला घेऊन दुकानात गेले. मी बघताक्षणी बोट ठेवलं. ग्राफिक्स कार्डवाला, जाडजूड, चार्जरच अर्ध्या विटेएवढा. "सर, हा."

दुकानदारानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. सरांना म्हणाला, "सर, मॅडमला हलका द्या. हा जड पडतो लेडीजला. खांदा धरतो." आणि एक पापडासारखा लॅपटॉप काढून दोन बोटांवर धरून दाखवला. मग सरांनी दोन बोटांवर धरून बघितला. मग मोबाइलचं कव्हर घ्यायला आलेल्या एका गिऱ्हाइकानंही धरून बघितला. तिघांचं एकमत!

"सर, मी तो घेऊन कुठं फिरणार आहे? टेबलावरच राहणार ना?" मी म्हटलं.

"मॅडम, तुमच्याच सोयीचं बघतोय!" म्हणत सरांनी हलकाच घेतला.

आता सोयीचं ऐका. आमचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. पाण्याचा जार टेम्पोवाला जिन्याखाली ठेवून पसार होतो. सरांना कंबरेचा त्रास, सुपरवायझर सलीमभाई दिवसभर साइटवर. मग वीस लिटरचा तो जार रोज वर कोण नेतं? मी! तेव्हा लेडीजचा खांदा कुणाला दिसत नाही.

*

हलक्यावर केलेला पहिला व्ह्यू तेलगावच्या एका गुरुजींचा. गुरुजी बायकोला घेऊन बघायला आले. मी फाइल उघडली आणि लॅपटॉपनं मळणीयंत्रासारखा आवाज सुरू केला. पडद्यावर आधी कंपाउंड आलं. मग पायऱ्या. मग एक खांब. मधे चहा आला, पिऊन झाला, कप परत गेले. स्लॅबचा अजून पत्ता नाही.

गुरुजी मोठे सोशिक. शेवटी हळूच म्हणाले, "मॅडम, आमचा गवंडी लई आळशी हाय म्हणून मी त्याला रोज बोलतो. आता न्हाई बोलणार!"

गुरुजींच्या मंडळी पदर तोंडाला लावून हसल्या. सर हसले नाहीत. ते दोघं गेल्यावर मला म्हणाले, "मॅडम, असंच चाललं तर थ्रीडी पुण्याला द्यावं लागेल. तिथली पोरं तासाभरात करून देतात."

अहो, त्या पोरांकडं मशीन आहे! माझ्या हातात पापड द्यायचा आणि वर पुण्याचं कौतुक मलाच ऐकवायचं! थ्रीडी पुण्याला गेलं की ऑफिसात माझ्याकडं उरणार काय? झेरॉक्स आणि पाण्याचा जार. मग एक दिवस सर म्हणणार, एवढ्यासाठी मॅडम कशाला? हे मला त्या दिवसापासून दिसत होतं, आणि म्हणूनच मी त्या दमदार लॅपटॉपसाठी इतकी भांडत होते.

*

व्ह्यूमध्ये घरापुढं झाड, गाडी, एखादं माणूस ठेवावं लागतं, नाहीतर घर ओसाड दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये माणसं तयार मिळतात, पण सगळी परदेशातली. त्यातलीही जरा बरी माणसं घेतली की माझा पापड बसलाच! एकच बाई त्याला झेपायची. गोरी, आखूड स्कर्ट, हातात कुत्र्याची साखळी.

गेवराईच्या एका कापूस व्यापाऱ्याच्या बंगल्यापुढं मी तीच उभी केली. शेठ खूश. त्यांच्या मंडळी मात्र पुढं वाकल्या. "ही कोन?"

"काही नाही हो, नुसती शोभेला," मी म्हटलं.

"शोभेला आमच्याच दारात कावून? आन् कुत्रं घिऊन!"

शेठ घाबरून म्हणाले, "अगं, मी वळखत बी न्हाई तिला!"

रंग मंजूर, गॅलरी मंजूर, फक्त ती बाई काढा, असं ठरलं. दोघं खाली उतरेपर्यंत जिन्यातून आवाज येत होता, "वळखत न्हाई, तर मग एवढं हसून कावून बघत व्हता?"

तेव्हाच मी ठरवलं, यापुढं माणूस इथलंच. सलीमभाईंना म्हटलं, काढा माझा एक फोटो. त्यांनी नेमका मी जार घेऊन जिना चढतानाचा काढला, ओढणी कमरेला खोचलेली. तोच कापून मी व्ह्यूत बसवला. साधा फोटो तेवढा हलक्यालाही झेपतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक बंगल्याच्या जिन्यावर मी जार घेऊन चढते आहे! सरांच्या कधी लक्षात आलं नाही. ते व्ह्यूत फक्त भिंतींचा रंग बघतात.

*

एकदा सलीमभाई तो लॅपटॉप साइटवर घेऊन गेले. मे महिना, दुपारची वेळ, लाइट गेलेली. मालकाची म्हातारी आई वाळूच्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. सलीमभाई गवंड्याशी बोलायला वळले, तेवढ्यात आजींनी त्यांच्या काखेतला लॅपटॉप ओढून घेतला आणि त्यानंच वारा घ्यायला लागल्या.

"आजी, आजी! कंप्युटर हाय तो!"

"हाय तर हाय. आत काय हाय का न्हाई रे याच्या? पुठ्ठा बी जड लागतो की याच्यापरीस!"

मी हे मुद्दाम सरांना सांगितलं. म्हटलं, बघा सर, आजींनासुद्धा कळलं. सर हसून म्हणाले, "म्हणजे वापरायला किती सोपा आहे बघा!"

आता या माणसापुढं काय बोलायचं? डोकं फोडावंसं वाटलं. कुणाचं, ते सांगत नाही.

*

पण मीही पिच्छा सोडला नाही. दर दोन दिवसांनी विषय काढायचा, एवढंच धोरण. शेवटी एका सकाळी सर भलं मोठं खोकं घेऊन आले. "मॅडम, घेतला पॉवरफुल!"

मी इतकी हरखले की खाली जाऊन पेढे आणले. खोकं उघडलं. जाडजूड, चार्जर अर्ध्या विटेएवढा. दुकानात मी बोट ठेवलं होतं, तोच! सरांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि ठेवला. स्वतःच्या टेबलावर!

"सर, हा व्ह्यूसाठी ना?"

"मॅडम, मोठा लॅपटॉप साहेबाच्याच टेबलावर शोभतो. क्लायंटवर इम्प्रेशन पडतं. तुमचा हलका आहेच की!"

त्या लॅपटॉपवर सर काय करतात? सकाळी ग्रुपवर फुलांचे फोटो टाकतात, दुपारी पत्ते खेळतात. उसाचा ट्रॅक्टर काढून कोथिंबिरीची जुडी आणायला जावं, तसला प्रकार! इकडं माझा पापड एक खिडकी दाखवायला कुथत असतो, आणि तिकडं सर म्हणतात, "मॅडम, काय स्पीड आहे याला! एका टिचकीत फूल उघडतं!" आणि पेढे? तेही निम्मे सरांनीच संपवले.

*

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारांची पूजा असते. थापी, ओळंबा, लेव्हल, टेप, सगळं धुऊनपुसून मांडायचं. मधोमध सरांचा जड लॅपटॉप, त्याला झेंडूची माळ, वर हळदकुंकू. माझा कुठं दिसेना. म्हटलं, सणाच्या दिवशी तरी विसरायला नको होतं.

सलीमभाईंनी बोट दाखवलं. नैवेद्याच्या ताटाखाली!

"पाट सापडेना," सर म्हणाले, "हा सपाट होता. आणि देवाजवळच आहे की मॅडम!"

पुरणपोळीवरच्या तुपाचा ओघळ ताटावरून थेट लॅपटॉपच्या फटीत गेला होता. मी संतापानं काही बोलणार, तोवर सलीमभाईंनी रुमाल काढून तो पुसला आणि गंभीरपणे म्हणाले, "मॅडम, तुमच्या लॅपटॉपचा आज उपास सुटला!"

हसू आलं मला, खोटं कशाला बोलू. पण सरांवरचा राग काही गेला नाही.

*

आणि मग एक डॉक्टर आल्या. अंबाजोगाईतच त्यांना दवाखाना बांधायचा होता, वर राहायला घर. आमच्या ऑफिसला इतकं मोठं काम कधी मिळालं नव्हतं. सरांनी मला स्पष्ट सांगितलं, "मॅडम, व्ह्यू आवडला नाही आणि हे काम गेलं, तर थ्रीडी सरळ पुण्याला. मग मला बोलू नका."

मी म्हटलं, मग दोन दिवस तुमचा लॅपटॉप तरी द्या. सर म्हणाले, "अहो, तो जड आहे, इकडून तिकडं नेताना पडायचा."

तीन पावलांवर माझं टेबल!

मी साइटवरून दोन विटा आणवल्या, त्यावर हलका ठेवला, ऑफिसातला कूलर त्याच्याकडं वळवला. मी घामानं निथळत होते आणि लॅपटॉप गारव्यात बसला होता. एक खिडकी करायची, थांबायचं. एक भिंत करायची, थांबायचं. पण केला! दवाखाना, वरचं घर, दारातलं कडुनिंबाचं झाड, बाजूचा जिना, आणि जिन्यावर नेहमीचं माणूस.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आल्या. सरांनी माझ्याकडून पेनड्राइव्ह घेतला आणि जड लॅपटॉपवर व्ह्यू उघडला. मी पाण्याचे ग्लास ठेवत होते. डॉक्टर बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "फार सुंदर. कुणी केलाय?"

मी तिथंच उभी. दोन हातांच्या अंतरावर.

सर खुर्चीत रेलून म्हणाले, "पुण्याहून करून घेतला, डॉक्टर. आपल्याकडं असलं काम कुणाला जमतंय!"

माझ्या हातातला ग्लास हिंदकळला आणि पाणी सरांच्या टेबलावर सांडलं. सलीमभाई दारात उभे होते, ते छताकडं बघायला लागले.

डॉक्टरांनी चष्मा लावला. लॅपटॉप स्वतःकडं ओढला आणि व्ह्यू मोठा केला. त्या पडद्यावर सगळं लख्ख दिसत होतं. कडुनिंबाची पानं, जिना, निळा जार, कमरेला खोचलेली ओढणी. त्यांनी पडद्याकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. पुन्हा पडद्याकडं बघितलं. मग चष्मा काढून सरांना म्हणाल्या, "मघाशी मी खाली गाडी लावत होते, तेव्हा ह्याच ताई जार घेऊन जिना चढत होत्या. पुण्याहून कधी आल्या?"