काटाबाईच्या वेलीचा फोटो

आपल्या कंपनीत कुणी मालक नाही, असं दादा येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा. किल्ल्या मात्र त्याच्याच कमरेला असायच्या. सेंद्रिय व्हॅनिला, फेअर ट्रेड, कामगार म्हणजे घरचीच माणसं, हे सगळं तो अगदी मनापासून बोलायचा, आणि खरी पंचाईत तिथेच होती. लबाड माणसावर निदान रागावता तरी येतं. या भल्या माणसावर रागावणार कसं?

काटाबाई ही त्याची हुकमी कामगार. व्हॅनिलाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारी मान टाकतं. तेवढ्या वेळात आतला बारीक पडदा उचलून पराग अंगठ्याने दाबला, तरच शेंग धरते. फूल 'लावायचं' म्हणतात ते हे काम ती लिंबाच्या काट्याने करायची, म्हणून काटाबाई. जिभेलाही काटा आहे म्हणे, पण तो कंपनीत कधी कुणाला टोचला नव्हता.

दुसऱ्यांच्या वेलींची फुलं लावण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं. शेंगा हिरव्या असताना प्रत्येक वेलवाला त्यांच्यावर टाचणीने ठिपक्यांची आपली खूण टोचून घेतो. शेंग वाळून काळी पडली तरी ती खूण जात नाही. शेजारणीचा त्रिकोण, सुताराची फुली, सगळ्यांच्या खुणा काटाबाईच्याच हातच्या. आपल्या घरामागच्या वेलीला शेंगा धरल्या की वर तीन ठिपके आणि खाली रेघ, हे तिने कधीचं ठरवलं होतं. त्यासाठी नवी टाचणीसुद्धा बाजूला काढून ठेवली होती.

यंदा ती वेल पहिल्यांदाच फुलावर आली. उन्हाने कळ्या गळाल्या, गळता गळता दोनच उरल्या. त्या उद्या उमलणार हे ओळखून तिने रजा मागितली आणि दादा लगेच हो म्हणाला. सकाळी, कळ्या अजून मिटलेल्या असतानाच, त्याची गाडी दारात हजर.

"काटाबाई, प्रवासाला निघालेले पाहुणे आहेत, मुद्दाम आपल्यासाठी वाट वाकडी करून येतायत. तुमच्याशिवाय त्यांना दाखवणार कोण? तासाभरात आणून सोडतो."

नवरा ट्रक घेऊन परगावी गेलेला, सासूबाईंचे हात थरथरणारे. 'नाही' अगदी ओठांवर आलं होतं, पण दादाचा तो गोड चेहरा बघून तिने ते गिळलं. मूर्खपणा केला, दुसरं काय.

पाहुणे म्हणजे एक नवरा-बायको, तेही निवांत नाश्ता उरकून उगवले. बाईंना दिसेल त्याचं कौतुक, नवरोबांच्या गळ्यात कॅमेरा. काटाबाईने एक फूल लावून दाखवलं.

"पुन्हा एकदा, जरा हळू," नवरोबा म्हणाले.

लावलेलं फूल पुन्हा लावता येत नाही, म्हणून दुसरं घेतलं. मग उजेड चुकला, म्हणून तिसरं. मग बाईंना स्वतः करून बघायची हौस आली आणि त्यांनी चौथं फाडून ठेवलं. त्यानंतर दादा सगळ्यांना शेंगा उबेला ठेवायच्या खोलीत घेऊन गेला आणि तिथे घोंगड्यांच्या ढिगाशेजारी त्याचं फेअर ट्रेड जे सुरू झालं ते काही केल्या आवरेना. काटाबाईचा जीव टांगणीला लागला. खोलीत शिरलेलं ऊन उंबऱ्याकडे मागे सरकत होतं आणि तिचं सगळं लक्ष तिकडे होतं.

"तुमची स्वतःची वेल आहे का हो?" बाईंनी विचारलं.

"आहे तर," उत्तर दादानेच दिलं. "आमच्याकडे प्रत्येकाची असते."

"आजच फुललीय," काटाबाई म्हणाली. "दुपार झाली की फुलं जातील. मला निघायला हवं."

"अय्या, मग आम्हीच सोडतो की तुम्हाला. आम्हालाही बघायला मिळेल."

क्षणभर तिला हायसं वाटलं. पण आधी चहा झाला, मग शेंगांची खरेदी झाली, आणि गाडी निघाली तर पुलावर नवरोबांना बगळा दिसला. मेला बगळा तिथे रोज उभा असतो. काटाबाई मागच्या सीटवर दादाशेजारी मुठी आवळून बसून राहिली.

घरामागे सासूबाई वेलीपाशी स्टूल टाकून बसल्या होत्या. "मी काटा धरून बघितला गं," त्या म्हणाल्या, "पण हाताने साथ दिली नाही."

दोन्ही फुलं लोंबत होती. तरी तिने काटा घातला, पण एक फूल हात लागताच गळून पडलं. दुसरं मऊ पडून चिकटलं होतं, ते उघडेचना. तिला रडू आलं नाही, संताप आला. दादाचा, पाहुण्यांचा, आणि सगळ्यात जास्त सकाळी गिळलेल्या त्या शब्दाचा.

"तशाच थांबा," नवरोबा म्हणाले. "उजेड मस्त आहे."

"एकच फोटो, काटाबाई," दादा हळूच म्हणाला.

ती थांबली. मेलेल्या फुलाला काटा लावून, त्यांनी सांगितलं तसं हसली.

पुढे कंपनीची नवी पाकिटं आली. त्यांच्यावर तोच फोटो, खाली लिहिलेलं, 'आपल्या स्वतःच्या वेलीवर.' दादाने पहिलं पाकीट मोठ्या प्रेमाने तिच्या हातात ठेवलं. घरी सासूबाईंनी ते फोडलं, शेंगा ताटलीत ओतल्या आणि एकेक उजेडात धरून बघू लागल्या. त्रिकोण, फुली, पुन्हा त्रिकोण.

"यातली आपली कुठली गं?" त्यांनी विचारलं.

"फोटोतली," काटाबाई म्हणाली, आणि भांडी घासायला उठली.