धाकट्याची फुफ्फुसं

नाताळच्या आधी गावच्या चर्चचा घंटामनोरा झाडायचा, हे आमच्या घराकडे आजोबांपासून आलेलं काम. मी शहरात, सावेडीत शिक्षक, धाकटा भाऊ गावात शेती करतो. तरी त्या दिवशी दोघंही झाडू घेऊन वर चढतो. त्या वर्षी भिंतींना नुकताच चुना दिला होता. ओघळ नकोत म्हणून कबुतरांची वीतभर साचलेली विष्ठा मी पाणी न मारता कोरडीच झाडायला लावली. धाकट्याने ती पोत्यांत भरून मिरचीला खत म्हणून नेली. धूळ दोघांनी सारखीच खाल्ली.

खोकला मात्र मलाच लागला. फेब्रुवारीत वर्गात दोन वाक्यं सलग बोलता येईनात, तेव्हा दवाखान्यात भरती झालो. फुफ्फुसात बुरशी निघाली, कबुतरांच्या विष्ठेत वाढणारी, यीस्टच्या जातीची. डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढून समजावलं, "फुफ्फुसात राखणदार पेशी असतात. आत आलेली बुरशी त्या गिळून मारतात. पण हिला जाड, बुळबुळीत वेष्टण असतं. सांधेदुखीसाठी तुम्ही स्टेरॉइडच्या गोळ्या घेता, त्यांच्यामुळे तुमच्या पेशी मंदावल्या. पेशींनी बुरशी गिळली, पण त्यांना ती मारता आली नाही. ती त्यांच्या पोटातच वाढली."

"आणि माझ्या भावाच्या?"

"त्यांच्या पेशींनी फडशा पाडला असणार."

मला त्याच्या बागायतीचा, त्याच्या दाट केसांचा कधी हेवा वाटला नव्हता. त्या पेशींचा वाटला, आणि असा वाटला की अन्न गोड लागेना. तो डबा घेऊन तीन जिने धाडधाड चढून यायचा आणि एका दमात विचारायचा, "दादा, आज कसं वाटतंय?" त्याचा तो दम माझ्या डोळ्यांत खुपायचा.

त्याला काही त्रास नाही, तपासायची गरज नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणत होत्या. स्कॅनचा हट्ट मी धरला. थोरल्याचा धाकट्यावर केवढा जीव, असं घरचे म्हणाले. मला त्याच्या फुफ्फुसात एक डाग हवा होता. फार मोठा नको, वाटाण्याएवढा.

रिपोर्टचा कागद त्याने तसाच माझ्या हातात दिला. "तूच वाच. मला काय कळतंय त्यातलं?"

फुफ्फुसं स्वच्छ होती. मी पुन्हा वाचलं. माझं तोंड पडलं असावं, कारण तो पांढराफटक होऊन माझ्या खाटेच्या कडेला टेकला.

"दादा, लई वंगाळ निघालं का? पोरी अजून लहान हायेत माझ्या."

काही निघालं नाही, एवढं सांगायलाही मला जरा वेळ लागला.