गाडी उचलली

आमच्या गाडीचं पोट रस्त्याला घासायचं, त्यातून हे सगळं झालं.

आमची वाडी रत्नागिरीच्या वरच्या अंगाला, कातळावर. मोठ्या रस्त्यापासून घरापर्यंत जांभ्या दगडाची वाट आहे. डंपर आणि टेम्पो जाऊन जाऊन तिला दोन्हीकडे चाकोऱ्या पडल्यात आणि मधला भाग वर राहिलाय, म्हशीच्या पाठीसारखा. त्यात कुणीतरी पाइप टाकायला वाट आडवी खणली आणि बुजवताना वर सिमेंटचा असा काही उंचवटा करून ठेवला की विचारू नका. रिकामी गाडी कशीबशी पार व्हायची. भरलेली असली की खालून खर्रर्र. आणि माझी गाडी भरलेलीच असायची, कारण मी डबे देते. सकाळी मिरकरवाड्यावरून मासळी घ्यायची, बर्फाच्या पेटीत घालून आणायची, रांधायचं, आणि डबे घेऊन पुन्हा खाली शहरात. हे गेले तेव्हा मुलाने मुंबईहून येऊन आग्रहाने ही मोठी एसयूव्ही घेऊन दिली, हप्त्यावर. म्हणाला, "आई, आता रिक्षावाल्यांच्या विनवण्या करायच्या नाहीत." गाडी चालवायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले. हात बरा आहे माझा. पण हात बरा असून काय उपयोग, पोट घासतं त्याला हात काय करणार? नाक्यावरच्या टपरीवर बसलेले बापये म्हणायचे, "काकी आल्या, सरका, भूकंप आला." हसत हसत म्हणायचे, पण मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मुलाला सांगितलं तर त्याने मोबाइलवर गाड्या उंच करून घेतल्याच्या व्हिडिओंचा रतीबच लावला. हिच्यात चार इंच, तिच्यात सहा इंच, चिखलातून उड्या मारणाऱ्या गाड्या. "आई, करायचं तर चांगलं चार इंच कर, भारी दिसेल." मी म्हटलं, "अरे, मला कुर्ल्यांची पेटी आणायची आहे, युद्धावर जायचं नाही."

हायवेच्या अंगाला एक ओळखीचं गॅरेज आहे. गॅरेजवाल्याने गाडी वर घेतली, खालून बॅटरी मारली आणि मलाही वाकायला लावलं. खालचा पत्रा पार खरवडून निघालेला. तो म्हणाला, स्वस्तात करायचं तर स्प्रिंगच्या वर पॅकिंग टाकून मिळेल, पण मागे रोज वजन असतं, जुन्या स्प्रिंगा बसत चालल्यात, पॅकिंगने गाडी नुसती कडक होईल. चार इंच करायचं तर करता येतं, पण मग शाफ्ट तिरके पडतात, ब्रेकचे पाइप ताणतात, वळणावर गाडी कलते, आणि मग एकामागून एक खर्च निघत राहतात. त्याचं म्हणणं, चारही स्प्रिंगा जरा उंच आणि जरा दणकट टाकायच्या, त्यांना जोडीचे शॉकॲब्सॉर्बर, नंतर अलाइनमेंट. फार तर दोन इंच उचलायची.

मी विचारलं, "आमटी सांडेल का?"

"काय?"

"डब्यात आमटी असते. गाडी कडक झाली तर हिंदकळेल ना."

तो खूप हसला आणि म्हणाला, "काकी, आजवर मला हे कोणी विचारलं नव्हतं. नाही सांडणार. रोजची गाडी आहे तुमची. जास्त ताणू नका, झेपेल तेवढंच करा."

संध्याकाळी मी मागच्या अंगणात उभी राहून मुलाला फोनवर हेच सांगत होते. घरात रेंज येत नाही, म्हणून गडग्याजवळ जावं लागतं. गडगा म्हणजे दगडावर दगड रचलेलं कुंपण, कमरेइतकं. पलीकडे आमच्या भाभींचं अंगण. भाभी म्हणजे शेजारीण. त्यांचे यजमान बोटीवर खलाशी होते, आता थकलेत. मुलगा आखातात. मी त्यांना भाभी म्हणते, त्या मला वहिनी, आणि दोघीही एकमेकींना तुम्हीच. सणाला शिरखुर्मा इकडे येतो, करंज्या तिकडे जातात, पण गडगा मधे आहे तो आहेच.

तर मी काय बोलले ते मला आता शब्दन् शब्द आठवतंय. "होय रे, उद्या उचलणार गाडी. काय करणार, किती दिवस घासत काढायचे? चार लोकांत रोज शोभा. तोही म्हणाला, जास्त ताणू नका." पलीकडे दोरीवरचे कपडे काढत होत्या भाभी. मी हात केला. त्यांनी केला नाही. म्हटलं, हातात कपडे आहेत.

दुसऱ्या दिवशी मी गाडी नेऊन दिली आणि डब्यांना रिक्षा केली. दुपारी भाभी आल्या, झाकलेल्या ताटलीत बांगड्याचं तिखलं घेऊन. एरवी त्या ओट्याशी उभ्यानेच बोलतात. त्या दिवशी स्वयंपाकघरात खाली बसल्या, माझ्या शेजारी.

"उचलली काय गाडी?" हळूच विचारलं.

"हो, सकाळीच. मीच नेऊन दिली."

"आपल्या हाताने दिलीस?"

दिलीस म्हणाल्या. माझ्या कानाला ते लागलं, पण बरं लागलं.

"मग काय, न्यायला कोण येणार इथवर? सुटले एकदाची, भाभी. रोजची घासाघीस गेली."

त्यांनी माझा हात धरला. "बाय माझे, छातीची हाय गो तू. आमच्यात नव्हती ती छाती. आम्ही लपवली."

लपवली म्हटल्यावर मात्र माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. भाभींच्या मुलाचा एक टेम्पो होता, बर्फ आणि मासळी वाहायचा. हप्ते थकले आणि बँकेने तो उचलून नेला, हे वाडीला माहीत होतं. त्या समजत होत्या की माझीही गाडी तशीच गेली. आपल्याकडे गाडी उचलली म्हटलं की दुसरा अर्थच नसतो ना! मला तो सुचला नाही, कारण माझं डोकं स्प्रिंगांत होतं.

तिथेच सांगायला हवं होतं. एक वाक्य तर होतं, "भाभी, बँकेने नाही, गॅरेजवाल्याने उचलली." पण माझ्याच्याने ते तोंडातून बाहेर काढवलं नाही.

त्या बोलत राहिल्या. मुलाने टेम्पो गुहागरला सासरवाडीत नेऊन ठेवला होता, पोफळींच्या वाडीत, वरून माडाची झापं टाकून. वसुलीची माणसं रोज दारात. म्हाताऱ्याला नाही नाही ते बोलायची, शेजारी ऐकतील अशा आवाजात. "म्हातारा नमाजाला बसला तरी बाहेरनं हाका. एक दिवस तो परसात जाऊन तोंड धुवायच्या निमित्ताने रडला गो. मी बघितलं. मग मी काय केलं ठावं हाय तुला? मीच फोन केला त्यांना. गुहागरात कुठे हाय ते मीच सांगितलं. पोराला अजून ठावं नाय. म्हाताऱ्याला नाय. पोराला वाटतं, सासरवाडीतल्या कुणी चुगली केली. तेव्हापासून तिथे पाऊल टाकत नाय तो, बायकोला पण फोनवर धाड धाड बोलतो. आणि मी ऐकून घेते." पदराने तोंड पुसून म्हणाल्या, "तू दिलीस ते बरं केलंस. लपवू नये. लपवलेलं पोटात कुजतं."

मी गप्प होते. का गप्प होते ते सांगायची लाज वाटते, पण सांगते. हे गेल्यापासून मला कुणी गो म्हटलं नव्हतं. सासू गेली, आई गेली, मोठी जाऊ गेली. उरले ते सगळे काकी आणि तुम्ही. इतक्या दिवसांनी कुणीतरी हात धरून बाय माझे म्हणत होतं, आणि मला ते सोडवेना. दुसऱ्याच्या पानातलं उचलून खावं तसं मी ते खाल्लं.

स्प्रिंगा यायला उशीर झाला. आज येतील, उद्या येतील. तोवर भाभींनी मला सांभाळलं. त्यांच्या दिराची रिक्षा सकाळी दारात उभी. मिरकरवाड्यावर माझ्या आधी जाऊन माझ्यासाठी सुरमई धरून ठेवायच्या. आणि वाडीत अक्षर काढलं नाही. टपरीवरच्या कुणीतरी विचारलं, "काय गो, काकींची गाडी दिसत नाय?" तर भाभींनी त्याला झाडला. "सर्व्हिसिंगला दिलीय. तुला काय करायचंय, हप्ता भरतोस तिचा?" मला येऊन सांगितलं, "खोटं बोलले बघ तुझ्यासाठी. अल्ला माफ करील." माझ्यासाठी त्या खोटं बोलल्या असं त्यांना वाटत होतं. बोलल्या होत्या ते खरंच होतं. दोघींत खोटी होते ती मीच.

मग गॅरेजवाल्याचा फोन आला. गेले. गाडी उभी होती तशीच दिसत होती. मी पुढून बघितलं, मागून बघितलं. शेवटी चाकाशी बसून टायर आणि मडगार्डच्या मधे हात घातला, तेव्हा फरक कळला.

"बाहेरून कुणाला समजणार पण नाय," तो अभिमानाने म्हणाला. "थोडक्यातच केलंय ना आपण."

त्या वाक्याने माझ्या मनात काय आलं म्हणाल? आलं की, बरं झालं. भाभींना सांगायचं, मुलाने हप्ते भरले, गाडी सोडवून आणली. कोण बघतंय दोन इंच? चार इंच केली असती तर ही सोयच नव्हती. वाटभर हाच विचार. गाडी छान चालली होती, खड्ड्यात दणका नाही, वळणाला कलणं नाही, आणि मला त्यातलं काही गोड लागेना. आमच्या वाटेच्या तोंडाशी मी गाडी बाजूला लावली, आणि चालत गेले, थेट भाभींकडे.

त्या कोळंबी सोलत होत्या. "ये गो, बस."

"भाभी, गाडी आली."

"सुटली? या अल्ला, तुझं चांगलं होवो!"

"सुटली नाही. ती नेलीच नव्हती कुणी. गॅरेजात होती. उचलली म्हणजे वर उचलली. खाली घासायची म्हणून. नव्या स्प्रिंगा टाकून."

"वर म्हणजे किती वर?"

"दोन इंच."

त्यांनी अंगठा आणि बोट माझ्यासमोर धरलं. "एवढी?" मी मान हलवली. मग त्या हसल्या. अशा हसल्या की ठसका लागला, कोळंबीचा हात हवेत. "दोन इंच! आणि मी तुला मासळी धाडतेय! आणि मी दिराला उठवतेय पहाटे! आणि मी—"

तिथे हसणं थांबलं. माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, मी काय समजतेय ते तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलायला जागा होती. आत्ताच कळलं म्हणता आलं असतं. "लपवली म्हणालात, तेव्हा," मी म्हटलं.

"म्हणजे फोनचं सांगायच्या आधी."

"हो."

"मग थांबवलं का नाय?"

मी काय सांगणार होते? तुम्ही गो म्हणालात म्हणून? त्यांनी उरलेली कोळंबी सोलली, सालं कागदात बांधली, हात धुतले. "बसा, चहा टाकते."

चहा पिताना मला राहवेना. म्हटलं, "भाभी, मीपण तुम्हाला एक सांगते. कुणालाच सांगितलं नाही असं."

"नको वहिनी," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "उसनं फेडायला निघालात काय? हे असं फिटत नाय." आणि कप खाली ठेवत, "तुम्ही कुणाला सांगणार नाय, ते ठावं हाय मला. त्याची काळजी नाय." म्हणजे दुखणं वेगळंच होतं: मी खोटी राहून त्यांचं सगळं ऐकून घेतलं होतं, आणि ते आता परत करता येत नव्हतं.

बोलणं तुटलं नाही. त्या तशातल्या नाहीत. शिरखुर्मा आला, करंज्या गेल्या. फक्त पुन्हा वहिनी, पुन्हा तुम्ही. मी एक-दोनदा मुद्दाम त्यांना तू म्हणून बघितलं. त्यांनी ऐकू न आल्यासारखं केलं.

मागच्या महिन्यात त्यांचा मुलगा रजेवर आला. त्यांनीच गडग्यावरून विचारलं, "वहिनी, स्टेशनावर याल काय गाडी घेऊन? सामान फार हाय त्याचं." मी हो म्हटलं. मला तर वाटलं, देवच पावला.

तो पुढे माझ्याजवळ बसला, भाभी मागे, बॅगांमधे. पोरगा खूश होता. खिडकीवर हात टाकून म्हणाला, "काकी, मस्त बसते हो गाडी. उचललीत काय थोडी? लगेच कळतं." मग जरा वेळाने म्हणाला, "माझा टेम्पो असता ना, तर मी गेलोच नसतो आखातात. कुणी सांगितलं असेल हो त्यांना, गुहागरात हाय म्हणून? मला वाटतं, मोठा मेव्हणाच. यंदा जाऊन सोक्षमोक्षच लावतो."

आरशात भाभी दिसत होत्या. त्या बाहेर बघत नव्हत्या, माझ्याकडेही नाही. मांडीवरच्या पिशवीचं तोंड दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या.

"मेव्हण्याशी कशाला भांडतोस?" मी म्हटलं. "बायको-पोरं घेऊन जा, दोन दिवस राहून ये. टेम्पो गेला तो गेला."

"तुम्हाला काय ठावं काकी, त्याचं—"

"वहिनी," मागून आवाज आला, "सावकाश घ्या. पुढे वळण हाय."

रस्ता लांबवर सरळ होता. मी वेग कमी केला.