ठेक्यावरचा ताप

"जीभ दाखव," सर म्हणाले.

पॅकिंगच्या हॉलमध्ये, सगळ्या बायांसमोर. मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. तोंडावरचा मास्क खाली करून मी विचारलं, "काय सर?"

"जीभ. टायफॉईड झाला होता म्हणतेस ना? टायफॉईडमध्ये जीभ पांढरी पडते. डॉक्टरची चिठ्ठी काय, इथं कुठल्याही गल्लीत मिळते."

ते मराठीत बोलत होते. बायांना शब्द कळले नाहीत. पण मी जीभ बाहेर काढली ते त्यांनी पाहिलं. हो, काढली मी. बाजारात बैलाचं तोंड उघडून दात बघतात तसे सर वाकून बघत होते. मग म्हणाले, "ठीक आहे. लाग कामाला."

म्हणजे माझं आजारपण त्यांना पटलं. तरीही पगार कापलाच. जितके दिवस अंथरुणावर होते तितक्या दिवसांचा. वर म्हणाले, "निदान आपल्या माणसांनी तरी असं करू नये."

आपली माणसं. लखनौत चिनहटच्या त्या औषधाच्या कारखान्यात मराठी दोघंच. एक मी, एक सर. मी ठेकेदाराकडून लागलेली. गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरायच्या, दिवसभर उभं राहून. तापाच्या गोळ्यासुद्धा भरायच्या. सर कंपनीचे, कायम नोकरीतले. कामगारांच्या भरतीचं, सुट्ट्यांचं सगळं त्यांच्या हातात. मी लागले त्या दिवशी मराठी ऐकून त्यांचा चेहरा खुलला होता. गाव विचारलं. मी म्हटलं, अकोल्याकडचं. मग आडनाव विचारलं. सांगितलं.

"अच्छा," म्हणाले.

त्या 'अच्छा'चा अर्थ मला शाळेपासून कळतो.

टायफॉईड झाला तो उन्हाळ्यात, लूचे गरम वारे चालायच्या दिवसांत. लाइनवरच थंडी वाजायला लागली. बाहेर आग ओतत होती आणि मी कुडकुडत होते. शेजारी मुन्नी दीदी काम करायची. तिनेच ई-रिक्षात घालून मला खोलीवर आणलं. नवरा चारबागजवळच्या एका हॉटेलात कामाला, रात्रीच यायचा. पोरगी शाळेतून आली की माझ्या कपाळावर ओलं फडकं ठेवायची. तापात मला मरणाची भीती वाटली नाही. माझी जागा दुसऱ्या बाईला देतील, ही भीती वाटली. ताप उतरला नव्हता तरी मी दोनदा उठून चपला घातल्या. पोरीने काढून ठेवल्या.

आईचा गावाहून फोन आला. "काहून उठतं? पडून राय ना बाई," म्हणाली. तिला काय सांगणार? ती आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात निंदायला गेली. पडून राहायचे पैसे तिला तरी कुणी दिले?

थंडी पडली आणि सर आजारी पडले. पाठीची चकती सरकली. त्यांना उठता-बसता येईना. कंपनीचा डॉक्टर घरी जाऊ लागला. कंपनीकडून फळांची टोपली गेली. एक दिवस सुपरवायझर माझ्याकडे आला. "सर के घर जाना है. मैडम पुणे गई हैं, बेटी की डिलिवरी है. सर को बाहर का खाना पचता नहीं. तुम मराठी हो, तुम बना दोगी."

"और मेरी हाजिरी?"

"यहीं लगेगी. पूरी."

मुन्नी दीदी हसली. "तुम तो उनकी अपनी हो," म्हणाली. "बैठ के खाना बनाओ, आराम है." तिच्या मनात वाईट काही नव्हतं. उभं राहून तिचे पाय सुजायचे. तिला तो खरंच आराम वाटला.

गोमतीनगरला सरांचा फ्लॅट. स्वयंपाकघरातच कोपऱ्यात देव्हारा. पलंगावरूनच सर ओरडून म्हणाले, "देव्हाऱ्याला हात लावू नकोस हं. बाकी घर तुझंच समज."

मी केलेला भात चालत होता. मऊ भात, वरण, वर तूप. पोटभर जेवायचे आणि म्हणायचे, "हाताला चव आहे तुझ्या." मी भांडी घासायचे, केर काढायचे, त्यांच्या पाठीला शेकायला पाणी गरम करून पिशवीत भरून द्यायचे. कारखान्यात माझी हजेरी लागत होती. घरी जाताना मी इतकी दमलेली असायचे की डोकं चालायचंच नाही. चाललंय ते चाललंय, असं वाटायचं.

मग एका दुपारी त्यांना कुणाचा तरी फोन आला. मी भात टाकला होता. दार उघडं होतं, सगळं ऐकू येत होतं. "छे छे, पगार चालू आहे. आजारपणाची रजा आहे ना आपल्याला. आणि आजारपण काय सांगून येतं का? शरीर आहे, थकतं. माणसाने पडून राहायला पाहिजे. मीही पडून राहिलोय, काही लाज नाही त्यात."

माझ्या हातात डाव होता. मी तशीच उभी राहिले. तेव्हा ध्यानात आलं. यांच्या आजारपणाचा यांना पगार मिळतो. यांच्या आजारपणाचा मलाही पगार मिळतो. फक्त माझ्या आजारपणाचा मला मिळत नाही.

मी खोलीच्या दारात गेले.

"सर, मीपण आजारीच होते."

त्यांना आधी कळलंच नाही. "कधी?"

"उन्हाळ्यात. टायफॉईड."

"अगं, ते वेगळं. तू ठेक्यावर आहेस. ठेक्यावरच्यांना ती रजा नसते."

"तापाला कसं कळतं सर, कोण ठेक्यावर आहे ते?"

त्यांचा आवाज चढला नाही. शांतपणे म्हणाले, "जास्त बोलू नकोस. भात लागेल."

मी गॅस बंद केला. भात, वरण वाढलं. ताट पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवलं, हात पोचेल असं. पाण्याचा तांब्या ठेवला. म्हटलं, "उद्यापासून येणार नाही. मी गोळ्या भरायला लागलेय, सर. स्वयंपाकाला नाही."

"मला उठता येत नाही. दिसतंय ना तुला?"

"दिसतंय," मी म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.

जिना उतरले. शूर वगैरे काही वाटलं नाही. रस्त्यावर येऊन एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले आणि खूप वेळ बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी गार्डने गेट उघडलं नाही. म्हणाला, "ठेकेदार ने मना किया है." आत बाया खोकी भरत होत्या.

मुन्नी दीदी आणि आणखी काही जणी माझ्याबरोबर कामगार कार्यालयात आल्या. तिथे समजलं की आजारपणाचा पगार कायद्यात आम्हालाही आहे. ठेक्यावरच्यांनासुद्धा. ठेकेदाराने कामगार विम्यात आमची नावंच कधी घातली नव्हती, आणि कंपनीने कधी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही मान खाली घालून जे ऐकून घेतलं, ते खोटं होतं. सरांना ते माहीत नव्हतं, असं मी मानत नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून तिथेच केस घातली.

हळूहळू एकेक बाई गळाली. मुन्नी दीदीही. ठेकेदाराने तिला बोलावून सांगितलं, काम हवं असेल तर तिकडे जायचं नाही. ती रात्री खोलीवर आली, माझा हात धरून रडली. मी तिला चहा पाजला. तिच्यावर माझा राग नाही.

आता अमीनाबादच्या दुकानातून साड्या आणते, घरी बसून फॉल लावते. डोळे दुखतात. आणि केसची तारीख पडली की कामगार कार्यालयात जाते. कधी साहेब नसतात, कधी कंपनीचा माणूस येत नाही. परत येते.

गेल्या आठवड्यात सुपरवायझर घरी आला. दारातच उभा राहून म्हणाला, "सर बड़े दिल के हैं. एक बार माफी माँग लो, केस वापस लो, कल से आ जाओ."

पोरीला मराठी कळतं, बोलते हिंदीच. ती म्हणाली, "बोल दो ना मम्मी. सॉरी ही तो है."

मी सुईतला दोरा तोडला. "काम पर आऊँगी," मी सुपरवायझरला म्हटलं. "माफी नहीं माँगूँगी. केस भी चलेगा. और बीमार पड़ूँगी तो घर पर लेटूँगी, और उस दिन की पगार भी लूँगी. सर को यही बोलना."

तो गेला. पोरीला मी मराठीतच सांगितलं, "चूक ज्याची, माफी त्याने मागायची."

दमलेय मी. पण पुढच्या तारखेला जाणार. त्याच्या पुढच्याही.