मदत केंद्राशी संपर्क साधा

आमचे महाशय मोठ्या कंपनीत तंत्रलेखक. म्हणजे इंजिनिअरांनी बनवलेली वस्तू कशी वापरायची, त्याची पुस्तिका लिहायची. वस्तूला हात लावायचा? छे! इंजिनिअर स्क्रीनचे फोटो पाठवणार, हे त्याखाली वाक्यं चिकटवणार. कुठे अडलं की इंजिनिअरला विचारायचं, आणि त्याने दाद दिली नाही की लिहून मोकळं व्हायचं : 'अडचण कायम राहिल्यास मदत केंद्राशी संपर्क साधा.' वर बायकोला ऐकवायचं, लोकांना वाचायची अक्कलच नसते.

कंपनीने बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप काढलं. यांनी ते आईवडिलांच्या दाराला बसवलं आणि पुस्तिका आईच्या हातात ठेवली. माउलीने चष्मा लावून ती अथपासून इतिपर्यंत वाचली. लेकाचं लिखाण ना!

एके सकाळी ती कचरा ठेवायला बाहेर आली आणि मागे दार लागलं. आत अंथरुणाला खिळलेले वडील, गॅसवर भाजी. कुलूप ठसा घेईना, नुसता लाल दिवा मिचकावत राहिलं. तिने शेजारच्या सुताराच्या फोनवरून लेकाला गाठलं. महाशयांनी ऑफिसात स्वतःचीच पुस्तिका उघडली. लाल दिव्याच्या पानावर तेच एक वाक्य.

मग लावला मदत केंद्राला फोन. तिथली मुलगी गोड आवाजात तेच पान वाचू लागली.

"अहो, मदत केंद्र तुम्हीच ना?"

"हो सर. पण आमच्याकडेही हीच पुस्तिका आहे."

तेवढ्यात आईचा पुन्हा फोन. दाराखालून धूर येत होता.

"अरे, तूच लिहिलंयस ना? मग सांग की. बाबा खोकतायत आत."

हे पुन्हा पुस्तिकेची पानं उलटू लागले. शेवटी सुताराने फोन बाजूला ठेवला आणि पहारीने दार फोडलं. वडील वाचले ते सुताराच्या मनगटामुळे, लेकाच्या लेखणीची त्यात काडीची मदत नाही. आईने त्या दिवसापासून त्याच्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्या दिवशी महाशय तावातावाने ऑफिसात गेले. पान उघडलं, लाल दिव्याचं काय करायचं ते इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात बघू. पुस्तिकेची सुधारित आवृत्ती तर संध्याकाळी जायची होती.  मग लाल दिव्याखालच्या त्याच वाक्यात महाशयांनी एक शब्द वाढवला, 'त्वरित', आणि जेवायला गेले.