वन्संनी कानात सांगितलेलं नाव

माझ्या वन्संइतकी हट्टी बाई नाशिक जिल्ह्यात दुसरी झाली नाही, आणि हे मी त्यांच्या माघारी बोलत नाही, तोंडावरही म्हणत असे. त्यावर त्या छत्री आपटून म्हणायच्या, "हट्टी नव्हे, चिवट म्हण." वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पिंपळगाव बसवंतला शाळेत बाई होत्या. लग्न केलं नाही, दागिना घातला नाही, उन्हापावसात छत्री मात्र सोडली नाही. दर शनिवारी दुपारच्या एसटीनं आमच्याकडे नाशिकला यायच्या आणि रविवारी संध्याकाळी परत जायच्या. जगात त्यांना एकाच गोष्टीचा ध्यास होता, तो म्हणजे मुलींची नावं. नाव जुनं हवं, मातीतलं हवं आणि असं हवं की भर बाजारात हाक मारली तर एकाच पोरीनं वळून पाहावं. त्या काळी घरोघर संगीता आणि सुनीता निघायच्या. वन्सं म्हणायच्या, "गोवराची साथ येते ना, तशी ही नावांची साथ आलीय. आणि तिकडे एकेक म्हातारी मरते, ती आपलं नाव सरणावर घेऊन जाते."

म्हणून त्या नावं गोळा करायच्या. मतदार यादीचं काम आलं की बाकीच्या शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, वन्सं मात्र लग्नाला निघाल्यासारख्या निघायच्या. एका वस्तीवर म्हातारीला नाव विचारलं, तर ती म्हणाली, "लिवा की, बापूची आय." वन्संनी विचारलं, "ते झालं, पण तुमचं नाव?" म्हातारी म्हणाली, "आता नाव कशाला बाई? लय दिस झालं, कुनी हाकच मारली नाय." वन्सं तिच्या उंबऱ्यात बसल्या त्या उठेचनात. दोन वेळा चहा झाला. शेवटी म्हातारीला आठवलं आणि ती लहान पोरीसारखी टाळी देत ओरडली, "साळू! साळू व्हतं माझं नाव!" यादीत ते गेलंच, शिवाय वन्संच्या लाल पुठ्ठ्याच्या वहीतही गेलं. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज दर वेळी घोगरा व्हायचा, आणि दर वेळी त्या घसा खाकरून उसाच्या रसाला दोष द्यायच्या.

नाव वहीत गेलं म्हणजे पास झालं असं नाही. त्याची परीक्षा व्हायची, तीही सीबीएसच्या एसटी स्टँडवर. गाडीतून उतरल्या की वन्सं बाकड्यावर चढायच्या आणि खड्या आवाजात ते नाव पुकारायच्या. कुणी वळून पाहिलं की नाव नापास. एकदा त्या "भिवरा! ए भिवरा!" असं ओरडत होत्या, तर एक कंडक्टर धावत आला. "बाई, कोण हरवलंय? केवढी आहे पोर?" वन्सं शांतपणे म्हणाल्या, "अजून जन्मायचीय." मी शेजारी उभी होते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला वाटलं.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझं माहेर नामपूरचं. आजीनं माझं नाव कौतिक ठेवलं होतं. आमच्या बागलाणात ते कुणाला खटकत नसे, पण नाशिकला शिवणक्लासला आले आणि पहिल्याच दिवशी बायांनी तोंडाला पदर लावले. "कौतिक? हे काय नाव?" एक तर मला पाहिलं की "कौतिक शे का घरमा?" असं आमच्या अहिराणी बोलीची नक्कल करत विचारायची. मी घरी येऊन रडायची. त्यामुळे लग्नात ताटातल्या तांदळांवर यांनी 'सुनीता' लिहिलं तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. सगळ्या मांडवात तोंड वाकडं केलं ते एकट्या वन्संनी. "अरे, चांगलं धडधाकट नाव आहे तिचं, ते का मारता?" मला त्यांचा असा राग आला! दुसऱ्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, "वन्सं, पाया पडते, पण त्या नावानं मला हाक मारू नका." त्यांनी मारली नाही. पण सुनीताही म्हटलं नाही. मरेपर्यंत मी त्यांच्यासाठी "अगं ए" होते.

मला दिवस गेले आणि मी नावाची धास्ती घेतली. नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकून बाळाच्या कानात सांगेल ते नाव, तोवर ते कुणाला कळतही नाही. मुलगी झाली, आणि माझी झोप उडाली. एका रविवारी वन्सं अंघोळीला गेल्या असताना मी त्यांची वही उघडली. 'भाऊची मुलगी' असं मोठ्या अक्षरात लिहून खाली ओळीनं नावं होती: ठकू, भिवरा, दगडू. काही खोडलेली, काही नुसती अधोरेखित. दगडूखाली दोन रेघा. मी वही मिटली. माझ्यावर जे हसले ते आता माझ्या पोरीवर हसणार! मी यांना म्हटलं, "उद्याच्या उद्या नगरपालिकेत जा आणि स्वाती लिहून या." हे म्हणाले, "अगं, ताईचा मान..." मी म्हटलं, "मान राहू दे. पोर माझी आहे." हे गेले आणि खाली मान घालून लिहून आले.

बारशाला वन्सं नवं लुगडं नेसून आल्या. हातात चांदीचा वाळा, चेहरा असा की परीक्षेचा निकाल लागायचाय. पण आमच्या यांच्या तोंडात तीळ भिजत नाही. दारातच त्यांनी बहिणीला सगळं सांगून टाकलं. मी आत पाळण्याशी उभी राहून ऐकतेय. आता या बायकांपुढे काय तमाशा होतो! वन्सं आत आल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाळण्यावर वाकल्या. बायकांनी "कुर्रर्र" करून त्यांच्या पाठीत धपाटे घातले. वन्सं वाकलेल्याच. स्वाती म्हणायला एवढा वेळ लागत नाही. मग त्या सरळ झाल्या, पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "स्वाती." घुगऱ्या न खाताच चारच्या गाडीनं त्या निघून गेल्या. जिंकून मला लाज वाटली, पण मी ती गिळली.

पुढच्याच शनिवारी त्या काही न झाल्यासारख्या पुन्हा आल्या. फक्त तेव्हापासून एक रीत पडली. आल्या की आधी पोरीच्या कानाशी वाकायच्या, काहीतरी पुटपुटायच्या, आणि पोर खुदखुदायची. मोठी झाल्यावर मी तिला कितीदा विचारलं, "आत्या काय सांगते गं?" ती म्हणायची, "ते आमच्यातलं आहे." विषय तिथं संपायचा.

पोर दहा वर्षांची झाली. आम्ही नाशिकमध्येच इंदिरानगरला राहायला आलो होतो. नव्या शाळेत तिच्या वर्गात चार स्वाती, आमची तिसऱ्या नंबरची. ऐन लग्नसराईत एका रविवारी आम्ही दोघी वन्संना सोडायला सीबीएसवर गेलो. मुंगीला शिरायला जागा नव्हती. मी चौकशीच्या खिडकीशी गाडी विचारत होते. वळून पाहते तो पोर नाही. "स्वाती!" मी हाक मारली. रसाच्या गाड्यावरची एक मुलगी वळली. दिंडोरीच्या गाडीतून एकीनं डोकं काढलं, "काय काकू?" एक लेकुरवाळी बाईसुद्धा थांबली. त्यांत माझी कुठंच नव्हती. मी रडत खिडकीवाल्याला सांगितलं, त्यानं कर्ण्यावरून पुकारलं, तर दोन स्वाती आयांचे हात धरून हजर! हसू नका. माझ्या तेव्हा डोळ्यांपुढे नको नको ते येत होतं, आणि गाड्या एकामागून एक सुटत होत्या.

तेवढ्यात वन्संनी छत्री माझ्या हातात कोंबली. बाकड्यावर चढल्या, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि सगळा स्टँड दणाणेल अशी हाक मारली, "कौतिक!"

"ओ!" मी म्हणाले. माहेरी कुणी उरलं नव्हतं, अकरा वर्षांत त्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती, तरी तोंडातून गेलंच. आणि त्याच वेळी, हलू लागलेल्या पिंपळगावच्या गाडीच्या शेवटच्या खिडकीतून आवाज आला, "ओ आत्या! इथं आहे मी!"

कंडक्टरनं घंटी मारून गाडी थांबवली. पोर आत्यासाठी रुमाल टाकून जागा धरायला चढली होती. मी तिला आधी एक धपाटा घातला आणि मग घट्ट धरलं. "एवढ्या हाका मारल्या, कान फुटले होते का?" ती रडवेली झाली. "ऐकू आल्या गं. पण स्वाती तर सगळ्याच असतात. वाटलं, कुणी दुसरी असेल."

वन्सं बाकड्यावरून उतरत होत्या. मी त्यांना हात दिला. एवढंच म्हटलं, "वन्सं, माझंच नाव?"

"तू टाकून दिलंस," त्या म्हणाल्या. "चांगली वस्तू वाया गेलेली मला बघवत नाही." मग पदरानं डोळे पुसत गाडीत चढल्या आणि खिडकीतून ओरडल्या, "पण नापास झालं गं! दोघींनी ओ दिली!"

घरी जाताना रिक्षात पोरीनं विचारलं, "आई, तू का ओ दिलीस?" तेव्हा मी तिला नामपूर सांगितलं, आजी सांगितली, शिवणक्लासही सांगितला.

वन्सं जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ती लाल वही आमच्याकडे आहे. 'भाऊची मुलगी'च्या पानावर अगदी तळाशी, दगडूच्याही खाली, बारशाची तारीख घालून माझं नाव लिहिलंय. ते मी फार उशिरा वाचलं. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नाही. लेक मारते कधीमधी, चेष्टेनं, स्वयंपाकघराच्या दारातून. मी हातातलं काम ठेवते आणि ओ देते.