मुक्काम गडहिंग्लज

द्वारका हेर्लेकर शिवण शिकवायची. एकोणीसशे अडुसष्टच्या सुमाराला कोल्हापुरातल्या एका महिला संस्थेनं गडहिंग्लजकडच्या खेड्यांत शिवणवर्ग काढले आणि नेसरी, महागाव, नूल, हलकर्णी असं फिरत शिकवायला तिला नेमलं. तिची चौतिशी उलटली होती. वडील असताना दोन स्थळं आली, ती देण्याघेण्यावरून फिसकटली, आणि वडील गेल्यावर तो विषयच मागं पडला. शुक्रवार पेठेत थोरला भाऊ माधव, वहिनी आणि भाची कुमुद यांच्या घरात ती राहायची.

पहिलं वर्ष तिनं कोल्हापुरातूनच ये-जा केली. पहाटेची एसटी, कागल, निपाणी, संकेश्वर करत गडहिंग्लज, आणि तिथून पुढं खेड्याची गाडी लागेल तेव्हा. ती पोचेपर्यंत बाया शेतात भांगलणीला निघून गेलेल्या असत. मशीनवरची खोळ काढायची, दोन म्हाताऱ्यांना काजं शिकवायची आणि परतीच्या गाडीसाठी पुन्हा धावायचं. संस्थेच्या बाई म्हणाल्या, "द्वारकाबाई, तुमचं निम्मं आयुष्य गाडीत चाललंय. गडहिंग्लजला खोली बघा."

कोल्हापूर सोडणं तिच्या जिवावर आलं होतं. इथल्या स्टँडवरून कुठंही जायला गाडी मिळायची. मंगळवारी-शुक्रवारी अंबाबाईचं दर्शन व्हायचं, वाचनालय होतं, कधी नाटक होतं. मुख्य म्हणजे एवढ्या मोठ्या वस्तीत बिनलग्नाच्या बाईकडे कुणी टक लावून बघत नाही, असं तिला वाटायचं. गडहिंग्लज म्हणजे एक बाजारपेठ. सकाळी काय भाजी घेतली ते दुपारी गावाला ठाऊक.

माधवचंही म्हणणं तेच. "शहरात माणूस झाकून जातं. तिथं एकटी राहिलीस तर रोज तुझा पंचनामा होईल."

पण चारही गावं गडहिंग्लजहून तासाभराच्या आत होती. बायांना सकाळी शेतावर जायच्या आधी गाठता आलं असतं. पावसाळाभर तिनं मनात दोन्हीकडचं तोलून पाहिलं, आणि दसऱ्यानंतर ट्रंक बांधली.

खोली मिळाली ती झुंबरबाईची. मिरचीच्या व्यापाऱ्याची विधवा, आवाज बाजारातल्यासारखा.

"एकटीच हाईस?"

"हो."

"बरं झालं. मी बी एकटीच. शेळी दारात बांधतो, चालंल नव्हं?"

एवढीच चौकशी झाली. द्वारका पंचनाम्याची वाट बघत राहिली, पण तो काही झाला नाही. आठवड्यात गाव तिला अक्का म्हणायला लागलं. वर्ग भरू लागले. नेसरीच्या बायांनी आपल्या हातानं चोळ्या शिवल्या. नुसती ये-जा करताना ज्यांची नावंही तिला ठाऊक नव्हती, त्या आता बाजारात हात धरून चहाला ओढायच्या.

त्या गडबडीत दोन-तीन महिने तिला कोल्हापूरला जायला जमलं नाही. माघात एका मशीनचं शटल मोडलं. नवं आणायला ती आधी न कळवता निघाली आणि भर दुपारी शुक्रवार पेठेत उतरली.

बोळाच्या तोंडाला बयाबाई म्हैस बांधत होती. गल्लीत तिचंच दूध असायचं, आणि द्वारकाला ती परकराच्या वयापासून ओळखत होती.

"आलीस व्हय? आन पावणं कुठं हाईत?"

"कोण पावणे?"

"आता गं बया. तुजं मालक. जंगल खात्यात हाईत न्हवं चंदगडाकडं? माधवरावानं पेढं वाटलं की गल्लीत. आमास्नी लग्नाला बोलावलं न्हाई, त्येचा राग हाय बघ माजा."

द्वारकाच्या हातातली पिशवी खाली पडली. बयाबाई थट्टा करत असेल म्हणून तिनं तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती. बयाबाई खरोखरच रुसली होती.

"रजा मिळाली नाही," द्वारका म्हणाली.

आपल्या तोंडून हे कसं बाहेर पडलं ते तिला कळलं नाही. पिशवी उचलून ती घराकडे चालू लागली.

वहिनी ताक घुसळत होती. द्वारकाला बघून तिनं रवी थांबवली, आणि त्या थांबण्यातच सगळं कळलं.

"वहिनी, माझं लग्न कधी झालं?"

वहिनी रवी सोडून उठली. आत जाऊन तिनं पेटी उघडली. पेटीत गल्लीनं दिलेला आहेर होता. दोन खण, एक इरकली लुगडं, बयाबाईनं दिलेली पितळी कळशी. सगळं नीट घडी घालून, कापूर टाकून ठेवलेलं. द्वारका त्या पेटीसमोर बसली. कुणी मेल्याची बातमी आली असती तर निदान रडता तरी आलं असतं. इथं काय करायचं, तेच तिला सुचेना.

संध्याकाळी माधव कचेरीतून आला. चप्पल काढता काढताच त्याला सगळा अंदाज आला.

"रोज कुणी ना कुणी विचारायचं," तो म्हणाला. "द्वारका दिसत नाही, कुठं गेली, एकटी कशी राहते, कुणाबरोबर राहते. मी काय सांगणार? एक दिवस तोंडातून निघून गेलं, लग्न झालं म्हणून. मग नाव विचारलं. मग नोकरी विचारली. सांगत गेलो."

"शहरात माणूस झाकून जातं म्हणाला होतास."

द्वारका त्याच दिवशी परत फिरली. संकेश्वरला गाडी कधी थांबली, शेजारी कोण बसलं, तिच्या काही ध्यानात नव्हतं. ज्या शटलसाठी गेली होती ते आणायचं राहूनच गेलं.

झुंबरबाईला तिनं सगळं सांगितलं. झुंबरबाईनं शेळीपुढं पाला टाकला आणि विचारलं, "मग आता त्यो तुजा न्हवरा खातोय काय, ऱ्हातोय कुठं?" आणि मग द्वारकाचा चेहरा बघून तिनं भाकरीचं ताट तिच्यापुढं सरकवलं.

त्यानंतर वर्षभर द्वारका कोल्हापूरला गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात माधवच गडहिंग्लजला आला. कुमुदला सांगलीचं चांगलं स्थळ आलं होतं. मुलाच्या आईनं गल्लीत चौकशी केली होती, आणि आता त्यांना मुलीच्या आत्याला आणि तिच्या यजमानांना भेटायचं होतं. माधव खाटेच्या कडेवर बसून नखं बघत बोलत होता.

"मी विचार केलाय. आपण सांगू की ते गेले. जंगलात ताप आला आणि गेले. प्रश्नच मिटला. तू फक्त बैठकीच्या दिवशी कुंकू लावू नकोस."

द्वारकाला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. तिनं पुन्हा विचारलं. माधवनं पुन्हा तेच सांगितलं, तितक्याच शांतपणे. नुसत्या तोंडच्या शब्दांवर भावानं तिला नवरा करून दिला होता. आता तोच भाऊ तिला विधवा करायला आला होता, आणि त्याला त्यात काही वावगं दिसत नव्हतं. लहानपणी याच माधवनं तिला बोट धरून शाळेत नेलं होतं.

"मी येईन," एवढंच ती म्हणाली. माधवला ते होकारासारखं वाटलं.

बैठकीच्या दिवशी ती गेली ती रोजच्यासारखी. कपाळाला बारीक कुंकू, गळ्यात साधी सोन्याची साखळी. तिला दारात बघताच माधवचा चेहरा उतरला. पोहे झाले, चहा झाला. मुलाची आई बोलायला सरळ होती. "तुमचे यजमान दिसत नाहीत?"

"मला यजमान नाहीत," द्वारका म्हणाली. "माझं लग्न झालेलंच नाही. मी गडहिंग्लजला खोली घेऊन राहते आणि खेड्यांत शिवण शिकवते. माझ्या भावाला हे सांगायची लाज वाटली, म्हणून त्यानं दुसरं सांगितलं. कुमुदचा यात काही दोष नाही."

वहिनीच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दाराआड उभी असलेली कुमुद पुढं आली आणि आत्याच्या शेजारी येऊन बसली. मुलाचे वडील उठायला लागले, पण बायको उठत नाही असं बघून परत बसले.

मुलाची आई माधवकडे वळली. मग म्हणाली, "स्थळ मुलीचं बघतोय. मुलगी खरं बोलणाऱ्या माणसाशेजारी येऊन बसली, ते मी पाहिलं. पण तुमच्याशी पुढचं बोलणं आता हे करतील. मी नाही करायची."

लग्न झालं. माधवनं मात्र बहिणीशी बोलणं टाकलं. बयाबाई दोन दिवस गल्लीभर ओरडत फिरली, पेढे खाल्ल्याचा तिला पश्चात्ताप झाला होता. मग द्वारकाला स्टँडवर गाठून म्हणाली, "ती कळशी तुजीच ऱ्हाऊ दे. एकटीला बी पाणी लागतंयच की."

द्वारका गडहिंग्लजलाच राहिली. मधे एकदा संस्थेनं तिला कोल्हापुरात बसून काम बघायची जागा देऊ केली, ती तिनं नाकारली. माधव निवृत्त झाल्यावर, एकोणऐंशीच्या सुमाराला, एका बाजारच्या दिवशी काही न कळवता तिच्या दारात येऊन उभा राहिला. झुंबरबाईनं त्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि आत हाक मारली, "अक्का, तुजा भाऊ आलाय. आत घेऊ का?"

द्वारका मशीनवर होती. तिनं हातानं चाक थांबवलं. मग म्हणाली, "येऊ दे."